सपोर्ट बंद करा, पण फाइल राहू द्या

“अहो, लेटेस्ट टाका ना!”

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकावं लागतं. कधी व्हेंडरचा सपोर्टवाला म्हणतो, कधी टीममध्ये नवीन आलेला उत्साही पोरगा म्हणतो. आणि गेल्या काही वर्षांत तर डाउनलोडचं पानच तसं म्हणायला लागलंय. तोंडाने काही बोलत नाही, नुसतं ४०४ दाखवतं. काल होती ती फाइल आज नाही. नवीन घ्या आणि गप्प बसा.

आज याच विषयावर जरा भांडायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना शिव्या घालण्यासाठी अख्खा लेख वाचायला नको :-) सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन सांभाळणं बंद करायचा हक्क ते बनवणाऱ्याला शंभर टक्के आहे. बग दुरुस्त करू नका, फोन उचलू नका, लाल अक्षरात ‘हे वापरू नये’ असं लिहा. पण ती फाइल जागेवरून उडवू नका. सपोर्ट बंद करणं वेगळं आणि माल गायब करणं वेगळं. आमच्या धंद्यात मात्र दोन्ही एकाच पावतीवर फाडलं जातं.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घरच्या लॅपटॉपवर ब्राउझर अपडेट झाला तर फार तर एखादं बटण इकडचं तिकडे जातं. सर्व्हरचं तसं नसतं. खाली ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्यावर जावा, त्यावर टॉमकॅट, त्याला जोडलेला डेटाबेस, त्या डेटाबेसचा ड्रायव्हर आणि सगळ्यात वर ज्यासाठी हा खटाटोप केला ते अॅप्लिकेशन. आजीच्या घरी मडक्यांची उतरंड असायची ना, तशी. मधलं एक मडकं बदलायचं तर वरची सगळी आधी उतरवावी लागतात. आणि वरच्या मडक्यात रोजचं धान्य आहे, ते सांडून चालत नाही.

साधं उदाहरण घ्या. पोस्टग्रेस हा डेटाबेस. फुकट, दणकट, माझा अत्यंत लाडका. त्याच्या १५ नंबरच्या व्हर्जनने डिस्कवर लिहिलेला डेटा १६ नंबरला थेट वाचता येत नाही. तुम्ही नुसतं ‘लेटेस्ट’ टाकलंत तर तो सरळ सांगतो की या फाइली माझ्याशी जुळत नाहीत, आणि सुरूच होत नाही. यात पोस्टग्रेसवाल्यांची काही चूक नाही, त्यांनी हे कागदोपत्री स्वच्छ लिहून ठेवलंय. एका व्हर्जनवरून दुसऱ्यावर जायला त्यांनी पीजी-अपग्रेड नावाचं अवजारही दिलंय. आता गंमत बघा. हे अवजार चालवायला मशीनवर नवीन व्हर्जन लागतं आणि जुनंही लागतं. दोन्ही, एकाच वेळी! म्हणजे जो माणूस शहाण्यासारखा अपग्रेड करायला निघालाय, त्यालाच जुन्या व्हर्जनची सगळ्यात जास्त गरज असते. ‘लोकांनी अपग्रेड करावं म्हणून आम्ही जुनं काढून टाकलं’ असं कोणी म्हणालं की मला हसावं की रडावं कळत नाही. नदी ओलांडायला निघालेल्याच्या पायाखालचा काठच काढून घेतला की हो तुम्ही.

पोस्टग्रेसवाले हे जाणतात. ज्या व्हर्जनांचा सपोर्ट संपला त्यांची डेबियन-उबुंटूची पॅकेजेस त्यांनी वेगळ्या अर्काइव्ह सर्व्हरवर नेऊन ठेवली आहेत. कोपऱ्यात, अडगळीत, पण आहेत. मला एवढंच हवंय.

आता याच्या उलटं उदाहरण. बिटनामी हे नाव कंटेनरवाल्यांना सांगायला नको. डेटाबेस, वेब सर्व्हर, काय वाट्टेल ते तयार डब्यात भरून फुकट देणारी मंडळी. जगभर लोकांनी आपापल्या कॉन्फिगरेशनमध्ये बिटनामीचं नाव आणि पुढे नेमका व्हर्जन नंबर लिहून ठेवला होता. नेमका नंबर लिहावा, हेच तर आम्हाला शिकवलं जातं! २०१९ मध्ये बिटनामी व्हीएमवेअरकडे गेलं, २०२३ मध्ये व्हीएमवेअर ब्रॉडकॉमकडे. आणि २०२५ च्या जुलैमध्ये जाहीर झालं की हे नंबरवाले सगळे डबे मूळ पत्त्यावरून हलवून ‘लेगसी’ नावाच्या कोपऱ्यात जाणार, तिथे त्यांना अपडेट मिळणार नाहीत, आणि मूळ पत्त्यावर फुकटात उरणार ती मोजकी इमेजेस, तीही ‘लेटेस्ट’ या एकाच नावाने. नेमका नंबर हवा असेल तर पैसे मोजा. मूळ तारीख २८ ऑगस्ट होती, ओरड झाल्यावर ती २९ सप्टेंबरपर्यंत पुढे गेली.

कंपनीने पैसे मागण्याबद्दल माझी तक्रार नाही. मीही पगार घेतो. आणि न्यायाने सांगायचं तर त्यांनी जुने डबे जाळले नाहीत, लेगसीत ठेवले. पण ‘लेटेस्ट’ म्हणजे काय हो? आज एक व्हर्जन, पुढच्या महिन्यात दुसरं, नाव तेच. प्रॉडक्शनवर ‘लेटेस्ट’ लिहिणं म्हणजे डॉक्टरने चिठ्ठीवर ‘जे ताजं असेल ते औषध द्या’ असं लिहिण्यासारखं. आणि पत्ता बदलला की काय होतं, तर चालू असलेला सर्व्हर चालूच राहतो. कोणाला काही कळत नाही. मग एखाद्या रात्री मशीन पडतं, कुबरनेटिस बिचारं दुसऱ्या मशीनवर तोच डबा आणायला जातं, आणि तिथे डबा नसतो. बिघाड झाला त्याच क्षणी दुरुस्तीचं सामान गायब! असले घाव नेमके तेव्हाच बसतात.

हे मी हवेत बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर शनिवारी रात्री गेला. रेड कंट्रोलर गेला आणि जाताना डिस्कही घेऊन गेला. हे काम आधी दुसऱ्या कंत्राटदाराकडे होतं, आम्हाला रविवारी सकाळी बोलावलं. डेटाचा बॅकअप उत्तम होता, दुपारपर्यंत नवीन मशीन उभं केलं, डेटा परत आला. अडलं कुठे, तर रक्त तपासणारं यंत्र सर्व्हरशी ज्या एका छोट्या प्रोग्रामने बोलतं, त्याच्या इन्स्टॉलरवर. तो बनवणाऱ्या कंपनीचं नाव घेत नाही. त्यांच्या करारात स्पष्ट लिहिलं होतं की इन्स्टॉलर फक्त आमच्या पोर्टलवरून उतरवायचा, स्वतःकडे कॉपी ठेवायची नाही. आणि पोर्टलवर फक्त नवीन व्हर्जन! सपोर्टला फोन लावला. उत्तर आलं, “सर, ते व्हर्जन आम्ही रिटायर केलंय, नवीन टाका.” नवीन टाकलं, तर त्यात यंत्राचं ते मॉडेलच नाही. “मग सर, यंत्र अपग्रेड करावं लागेल.” कित्येक लाखांचं, धडधाकट चालणारं यंत्र!

दोन दिवस लॅबमधल्या मुलींनी यंत्राच्या पडद्यावरचे आकडे बघून बघून रिपोर्टमध्ये हाताने टाइप केले. क्रिएटिनीन १.२ आणि १२ मध्ये एका टिंबाचा फरक असतो. त्यांच्या मुख्य डॉक्टर मॅडम प्रत्येक रिपोर्ट स्वतः ताडून पाहत होत्या, रात्री अकरापर्यंत. शेवटी त्याच कंपनीच्या दुसऱ्या शहरातल्या एका फील्ड इंजिनिअरच्या जुन्या लॅपटॉपच्या डी ड्राइव्हमध्ये तो इन्स्टॉलर सापडला. कितीसा असेल? पासष्ट एमबी. एवढी जागा वाचवली त्या कंपनीने.

आमच्या पुण्यात नाना पेठेत जा, जुन्या गिअरवाल्या चेतकचा क्लच प्लेट मागा. दुकानदार तुम्हाला ‘नवीन गाडी घ्या’ असं सांगत नाही. माळ्यावरून काढून देतो. लोखंडाचा सुटा भाग ठेवायला जागा लागते, गंजू नये म्हणून काळजी लागते. फाइलला यातलं काय लागतं?

आता समोरच्या बाजूचा खरा मुद्दा. सिक्युरिटी. ‘जुनं ठेवलं की लोक जुनंच वापरत बसतात, आणि जुन्यात भोकं असतात.’ पहिला भाग खरा आहे. माणूस आळशी असतो, संस्था त्याहून आळशी. विंडोज एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला, आणि जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून बँकांना सांगावं लागलं की एटीएममधली एक्सपी जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने काढा. चार वर्षं लोक आपापले पैसे त्या यंत्रातून काढत होते! अशा संस्थांची बाजू मी घेत नाही. पण बघा, त्या यंत्रांमध्ये एक्सपी आधीच बसलेली होती. डाउनलोड बंद केल्याने त्यातलं एकही यंत्र बदललं नसतं. बदल झाला तो तारखा ठरवून, मागे लागून.

आणि फाइल अधिकृत जागेवरून काढली म्हणून ती जगातून नाहीशी होते थोडीच! ज्याला ती हवीच आहे तो गुगल करतो आणि कुठल्यातरी ‘फ्री डाउनलोड’वाल्या, चार खोटी हिरवी बटणं असलेल्या साइटवरून उतरवतो. त्या फाइलसोबत आणखी काय येईल ते देवच जाणे. मूळ जागेवर फाइल असती, तिची सही असती, चेकसम असता, तर निदान आहे तोच माल मिळाला असता. सुरक्षेच्या नावाखाली आपण माणसाला दवाखान्यातून काढून भोंदूबाबाकडे पाठवतो.

लॉगफोरजे आठवतंय? डिसेंबर २०२१. जावावाल्यांची त्या वर्षीची नाताळची सुट्टी बुडाली. तेव्हा अपाचेच्या मंडळींनी काय केलं? नवीन व्हर्जन तर काढलंच, शिवाय जे लोक जावा ७ आणि जावा ६ वर अडकले होते त्यांच्यासाठी २.१२ आणि २.३ या जुन्या शाखांमध्येही दुरुस्ती दिली. ‘जावा ६ अजून कोण वापरतं’ असं म्हणून हात झटकले नाहीत. आणि ती भोकवाली व्हर्जन्स? मेवन सेंट्रलवर आजही आहेत. तिथला नियमच आहे की एकदा टाकलेलं काढता येत नाही, बदलता येत नाही. जगातलं एवढं गाजलेलं भोक, तरी त्यांनी फाइल उडवली नाही. कारण तुमचा सर्व्हर बाधित आहे का हे तपासायलाही ती फाइल लागते.

त्याहून मजेशीर गोष्ट मार्च २०२४ ची. एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत कोणीतरी पद्धतशीरपणे चोरदरवाजा घातला होता. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्याच डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला थोडा जास्त वेळ का लागतोय याचा संशय आला, म्हणून हे बाहेर पडलं. चोरदरवाजा कशात होता? ५.६.० आणि ५.६.१ मध्ये. म्हणजे लेटेस्टमध्ये! इमानदारीत जुन्या स्थिर डेबियनवर बसलेले लोक शांत झोपले होते. आणि अधिकृत उपाय काय सांगितला गेला, तर ५.४ वर मागे जा. डेबियनच्या चाचणी शाखेत तर त्या पॅकेजच्या व्हर्जनचं नाव झालं ‘५.६.१+रिअली५.४.५’. नंबर नव्याचा, माल ‘खरंच’ जुना. ज्या दिवशी ५.४ कुठेच मिळालं नसतं, त्या दिवशी आपण काय केलं असतं? त्याच गडबडीत गिटहबने एक्सझेडची रेपॉझिटरीच काही दिवस बंद केली, आणि जे लोक नेमकं काय घडलं याचा तपास करत होते त्यांचीच पंचाईत झाली. पुरावा जपायच्या वेळी पुरावा कपाटात बंद!

मग सदोष व्हर्जनचं करायचं काय? उत्तर आपल्या तलाठ्याकडे आहे. हसू नका. सातबाऱ्यावर जमीन विकली गेली तर जुन्या मालकाचं नाव खोडरबरने पुसत नाहीत. त्याला कंस करतात आणि फेरफार क्रमांक लिहितात. नाव दिसतं, पण आता हक्क नाही, हेही दिसतं. रस्ट भाषेच्या क्रेट्सच्या भांडारात नेमकं हेच आहे. ‘यँक’ केलेलं व्हर्जन नव्याने कोणी निवडू शकत नाही, पण ज्याच्या लॉक फाइलमध्ये ते आधीपासून आहे त्याला मिळतं. पायथॉनच्या पायपीआयनेही २०१९ मध्ये यँक स्वीकारलं. आपल्या मुलखात जे महसूल खात्याला पूर्वापार कळतं, ते सॉफ्टवेअरवाल्यांना एवढ्या उशिरा सुचावं ना! एनपीएमला तर आधी फटका खावा लागला. मार्च २०१६ मध्ये एका डेव्हलपरने नावावरच्या भांडणातून आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली, त्यात लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज होतं. अकरा ओळी! जगभरचे बिल्ड आडवे. एनपीएमने काही तासांत ते परत आणलं आणि मग पॅकेज काढून टाकण्यावर बंधनं घातली.

त्या डेव्हलपरवर मात्र माझा राग नाही. फुकट काम करणाऱ्या माणसावर कोणाचा हक्क नसतो. त्याने रागावून दुकान बंद केलं तर तो त्याचा प्रश्न. पण भांडार चालवणारी संस्था आणि कंपनी? ‘आमच्यावर अवलंबून राहा’ असं सांगूनच ती मोठी झालेली असते. ती म्हणते, जागेला पैसे लागतात. लागतात, मान्य. पण जागेपेक्षा खर्च होतो तो वाहतुकीचा, आणि जुन्या फाइली रोज कोण उतरवतो? स्लो द्या. केबी-केबीने द्या. आम्ही रात्रभर जागू, तशीही सवय आहे.

आणखी एक बारीक पण त्रासदायक गोष्ट. फाइल असते पण पत्ता बदलतात. टॉमकॅटचं नवं व्हर्जन आलं की जुनं डाउनलोडच्या मुख्य जागेवरून जातं आणि अर्काइव्हमध्ये बसतं. अपाचेने काहीच फेकलेलं नसतं, त्याबद्दल दंडवत. पण तुमच्या स्क्रिप्टमधली लिंक मेलेली असते. सेंटओएस ७ चं तसंच. ३० जून २०२४ ला त्याचं आयुष्य संपलं, दहा वर्षं पुरी करून, आधीपासून जाहीर असलेल्या तारखेला. तक्रार नाही. पण लगेच मिररलिस्टचा सर्व्हरच बंद झाला, ‘होस्ट सापडत नाही’ असा एरर यायला लागला आणि जगभर लोक एका सेड कमांडने पत्ता बदलून ‘व्हॉल्ट’वर नेत बसले. पॅकेजेस सगळी व्हॉल्टमध्ये सुखरूप होती. जुन्या पत्त्यावर एक पाटी लावायला काय हरकत होती? घर बदलणारा माणूससुद्धा पोस्टमनला नवा पत्ता सांगून जातो.

डेबियनचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. स्नॅपशॉट नावाची त्यांची सेवा आहे, २००५ पासूनची पॅकेजेस तारखेनुसार मिळतात. अमुक वर्षी, अमुक दिवशी भांडार कसं दिसत होतं ते मागा, मिळेल. आणि हे स्वयंसेवकांचं काम आहे बरं का. अब्जावधींच्या कंपन्यांना जमत नाही ते.

आता कोणीतरी म्हणणारच, ‘मग तुम्ही स्वतःचं गोदाम का ठेवत नाही?’ ठेवतो. नेक्सस लावलाय, जे जे प्रॉडक्शनवर जातं त्याची प्रत आमच्याकडे असते, आणि प्रत्येक सर्व्हरवाल्याने ते करावंच. पण तालुक्याच्या पतसंस्थेत एकटा माणूस सर्व्हर, प्रिंटर आणि मॅनेजर साहेबांचा मोबाइल असं सगळं बघतो, त्याला नेक्सस कोण लावून देणार? आणि ज्या करारात कॉपी ठेवायलाच बंदी आहे तिथे नेक्ससचं काय लोणचं घालायचं?

म्हणून गेल्या वर्षापासून आम्ही क्लायंटच्या परचेस ऑर्डरमध्ये एक कलम घालायला लावतो. जोवर एएमसी चालू आहे तोवर विकलेल्या व्हर्जनचा इन्स्टॉलर, त्याच्या चेकसमसकट, मागितल्यापासून चार तासांत मिळाला पाहिजे, किंवा कॉपी ठेवायची लेखी परवानगी द्या. तीन व्हेंडरपैकी दोघांनी मुकाट सही केली. तिसऱ्याने ‘अर्काइव्हल चार्जेस’ म्हणून एएमसीवर पंधरा टक्के जास्त मागितले आहेत. पुढच्या बुधवारी त्यांच्याबरोबर मीटिंग आहे. मी त्यांना विचारणार आहे, फाइल किती एमबीची आहे?